मोळीच्या तलवारी

तामेझोने उभ्या आयुष्यात किती तलवारींवर घण घातला असं कोणी विचारलं, की त्याच्या कपाळाची शीर तटतटायची. "कोणत्या मोजू? तलवारी, की तलवारीसारख्या दिसणाऱ्या सळया?" एवढं बोलून तो तोंड फिरवायचा. विचारणारा बिचारा कौतुकाने विचारत असायचा. पण ह्या विषयावरचं कौतुक तामेझोला सोसत नसे.

तो जातिवंत लोहार नव्हे. बाप बिझेन प्रांताच्या डोंगरात पाइनचा कोळसा पाडायचा. कोळशाची गोणी पोचवायला म्हणून तामेझो योशिई नदीकाठच्या लोहार-आळीत आला आणि हारुत्सुनांच्या कारखान्यात राहिला तो राहिलाच. हारुत्सुना हे त्या घराच्या मूळपुरुषाचं नाव. पाच पिढ्या घरातला कर्ता पुरुष तेच नाव तलवारीवर कोरत आलेला. तेव्हाच्या कर्त्याला सगळे थोरले मालक म्हणत. त्यांनी तामेझोला पहिली तीन वर्षं नुसता कोळसा फोडायला बसवलं. मग दोन वर्षं भाता. मग घण. ऐरणीभोवती तिघे घणवाले उभे राहायचे आणि मालक हातातल्या बारक्या हातोडीने टक् करून सांगायचे, कुठे मारायचं, किती मारायचं. तामेझोला ती टकटक माणसाच्या बोलण्यापेक्षा लवकर कळायला लागली.

त्या काळी कारखान्यातून वर्षाला वीस तलवारी बाहेर पडायच्या. पोलादाचे खडे फोडून, आतला कण बघून, कोणता पात्याच्या पोटात आणि कोणता धारेला, ही निवड थोरले मालक एकटे करायचे, सगळ्यांकडे पाठ करून. "दहा वर्षं घण मार, मग तुला जवळ बसवतो," असं ते तामेझोला म्हणाले होते. त्यांनी बसवलंही असतं. माणूस शब्दाचा होता. पण दहावं वर्ष उजाडायच्या आत थोरल्या मुलाला गडावरच्या फौजेने हत्यारं दुरुस्त करायला म्हणून उचलून नेलं. तो गेला आणि तिकडेच मेला. थोरल्या मालकांनी अंथरूण धरलं. पुढच्या थंडीत तेही गेले. धाकट्या मुलाला, उकॉनला, निम्मंअर्धं येत होतं. त्या निम्म्याअर्ध्यावर घर आलं.

लढाई काही नवी नव्हती. आजोबा-पणजोबांच्या काळापासून ह्या टेकडीवरचा सरदार त्या टेकडीवरच्या सरदाराशी भांडतच होता. पण पूर्वी लढायला घोड्यावरची घरंदाज माणसं जायची आणि आपल्या तलवारीची काळजी लेकीसुनेसारखी घ्यायची. आता रीत बदलली. आता शेतावरून माणसं ओढून न्यायची, हजारांनी, चिखलाच्या पायांनी. त्यांच्या कमरेला काहीतरी लटकावं लागत होतं. मग ते काहीतरी कोण करणार?

गडावरच्या शस्त्रागाराचा अंमलदार होता कुराता हायातो. तो आला आणि म्हणाला, भात कापायच्या आत तीनशे तलवारी. उकॉनने चटईला कपाळ टेकून सांगितलं की आमच्या घरात वर्षाला वीस होतात. हायातो रागावला नाही. त्याने भट्टीपाशी उभ्या माणसांकडे बघितलं, बोटाने मोजलं आणि विचारलं, ह्यातले भाला धरता येण्याजोगे किती? उकॉनला कळायचं ते कळलं. तीनशे कबूल झाल्या.

उकॉन वाईट माणूस नव्हता. अशा कामाला वाईट माणसं लागतच नाहीत. घाबरलेली पुरतात.

पोलाद दुमडून ठोकायचं, अशा पंधरा घड्या व्हायच्या, त्याच्या चार झाल्या. पात्याच्या पोटात मऊ लोखंड भरायचं बंद झालं. लोखंड होडीतून तयार कांबींनी यायला लागलं. कुठलं, कसलं, कोणी विचारत नसे. कमी पडलं की फुटक्या किटल्या आणि जुने खिळे आत जायचे. पूर्वी एका पात्याला पाणी द्यायचं तर झडपा लावून, अंधार करून, तापल्या लोखंडाचा रंग निरखत मालक श्वास रोखून बसायचे. आता एका दिवसात, एकाच हौदात, पन्नास पाती बुडत. शेवटच्या पात्यांपर्यंत हौदातलं पाणी हात धुवायच्या लायकीचं कोमट व्हायचं. मग दहा-दहा तलवारी पेंढ्याच्या दोरीने बांधायच्या, सरपणाच्या मोळीसारख्या. आळीत सगळे त्यांना मोळीचा मालच म्हणायचे. असली मोळी आळीतल्या प्रत्येक दारातून निघत होती. हारुत्सुना हे नाव आता सात घरं कोरत होती, कारण नावाला मागणी होती.

आणि ह्याच कारखान्यात एखाद्या सरदाराची स्वतःची तलवार करायची असली, की उकॉन पहाटे थंड पाण्याने आंघोळ करायचा, भट्टीवर पवित्र दोरी बांधायचा, पंधरा घड्या घालायचा. त्या पात्यावर पूर्ण नाव, तिथी आणि मागवणाऱ्याचंही नाव. म्हणजे हात विसरले नव्हते. हात कोणासाठी चालवायचे, एवढंच ठरलं होतं. सरदाराचा जीव तो जीव. नांगरामागून उठवून आणलेल्याचा जीव म्हणजे काय, मोळीतली काटकी!

माणसं कमी पडायला लागली तेव्हा उकॉनने घणवाल्यांच्या हाती छिन्नी दिली. तामेझोला वाचता येत नव्हतं. 'हारुत्सुना' कसं कोरायचं ते त्याने चित्रासारखं गिरवून घेतलं. पहिल्या दिवशी घरी येऊन तो बायकोला, फुजीला, म्हणाला, "आज मी नाव कोरलं."

"कोणाचं?"

"मालकांचं."

"मग तुम्ही कशाला एवढे फुललाय?" फुजी म्हणाली.

पण तो फुलला होता हे खरं, आणि पुढे ह्याच गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त चीड यायची. नऊ वर्षं त्याने ते नाव कोरलं. मालात दम नाही हे त्याच्या मनगटाला कळत होतं. घण पडला की चांगलं पोलाद हाताला उत्तर देतं. हे मुकं होतं. दोनदा त्याने उकॉनला सांगितलंही. उकॉन म्हणाला की मला कळत नाही असं वाटतं का तुला, आणि विषय तिथेच संपला. तामेझो घरी येऊन भिंतीकडे बघत बडबडायचा. सकाळी उठून परत कामाला.

नवव्या वर्षी बार्लीच्या कापणीच्या दिवसांत एक माणूस आळीत आला. नाव तोरामात्सु. नदीच्या वरच्या अंगाला, मिमासाकाच्या डोंगरातला शेतकरी. तिशीचा असेल. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि काखेत चटईत गुंडाळलेले तलवारीचे दोन तुकडे होते. त्यावरचं नाव कोणाकडून तरी वाचून घेऊन तो घरोघर विचारत फिरत होता, की ही कोणी केली. पहिल्या घराने सांगितलं, हे नाव सगळ्यांचंच आहे, पुढे विचार. दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडलं, तिसऱ्याने चौथ्याकडे. नाव सगळ्यांचं म्हटल्यावर ते कोणाचंच नव्हतं. सातवं दार उकॉनचं. उकॉनने तुकडे हातात न घेताच सांगितलं की खडकावर मारली असशील.

तोरामात्सु दारातून हलला नाही. काय घडलं ते त्याने उभ्याउभ्या सांगितलं. नदीच्या उतारावर लढाई झाली. त्याने पहिलाच वार समोरच्याच्या भाल्याच्या दांड्यावर केला. लाकडी दांड्यावर. पातं मुठीपासून वीतभर अंतरावर मोडलं, आणि पुढच्या वारात त्याची बोटं गेली. त्या दिवशी त्याच्या तुकडीत आठ जणांच्या तलवारी अशाच मोडल्या. त्यांची बाजू हरली. हरण्याला कारण लागतं. तुकडीच्या नायकाने वर कळवलं की ह्या आठ जणांनी पळून जाण्यासाठी तलवारी मुद्दाम मोडल्या. तिघांची डोकी तिथेच उडवली. उरलेल्या पाचांचा निवाडा गडावर व्हायचा होता. चौघे कोठडीत होते. तोरामात्सुच्या गावच्या मुखियाने आपली मान जामीन ठेवून त्याला महिनाअखेरपर्यंत सोडवलं होतं. लोहाराने येऊन सांगितलं की पातंच खोटं होतं, तर पाचही जण वाचणार होते. महिना संपायला सहा दिवस होते.

तामेझो भट्टीपाशी उभा होता. घण खाली ठेवून तो दारात आला आणि मुठीकडचा तुकडा त्याने उजेडात धरला. त्याचा डावा अंगठा मागे कधीतरी घणाखाली चेंगरला होता, त्यामुळे कोरताना छिन्नी शेवटच्या रेघेला घसरायची. ती घसरलेली रेघ तिथे होती. गप्प बसला असता तर जगात कोणाला कळलं नसतं.

"ही माझ्या हातची आहे," तो म्हणाला.

"तामेझो, भट्टी निवतेय," उकॉन म्हणाला.

"निवू दे."

तोरामात्सुने त्याच्याकडे नीट बघितलं. शिवी देईल असं वाटलं होतं, पण त्याने नुसतं विचारलं, "ही मोडणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हीच मोडेल, असं नाही. दहातल्या पाच-सहा मोडतील हे माहीत होतं. कोणाच्या वाट्याला कोणती जाईल ते माहीत नव्हतं."

"म्हणजे तेवढं देवावर सोडलंत."

तामेझोने तुकडा परत चटईत गुंडाळला आणि म्हणाला, मी येतो गडावर.

उकॉनने त्याला परसात नेऊन समजावलं. घरात बावीस तोंडं आहेत, तू तिथे बोललास की फितुरीचा आळ येईल, सगळ्यांना भाले धरायला लावतील. उकॉन खोटं काहीच बोलत नव्हता. तामेझो ऐकत होता आणि त्याच्या अंगाची लाही लाही होत होती, कारण प्रत्येक गोष्ट खरी होती आणि तरी सगळं मिळून सडलेलं होतं. घरी गेला तर फुजीच्या कानावर बातमी आधीच आलेली. तिने बार्लीभाताचे गोळे केले, त्यांत उमेचं खारवलेलं आंबट फळ भरलं आणि पुरचुंडी त्याच्यापुढे ठेवली.

"नऊ वर्षं भिंतीला सांगितलंत," ती म्हणाली. "आता ज्याला सांगायचं त्याला सांगून या."

दोन दिवसांची वाट. एका चढावर तोरामात्सुने विचारलं, तुमच्याकडे एखादी चांगली तलवार होते की नाही? तामेझो म्हणाला, होते, पण तुझ्यासाठी नाही. तोरामात्सु हसला, आणि ते हसणं तामेझोला चाबकासारखं लागलं.

गडाच्या आतल्या चौकात निवाडा झाला. हायातो चटईवर बसला होता. शेजारी गडावरचा एक वयोवृद्ध सरदार, डोळे मिटून. चौघे आरोपी दोरीने बांधलेले, कडेने पहाऱ्याचे पायदळ शिपाई. तामेझोने जमिनीला कपाळ टेकून सांगायचं ते सांगितलं. चार घड्या, किटल्या, कोमट पाणी, काही लपवलं नाही. हायातो म्हणाला की हारुत्सुनांची तलवार मोडते असं हारुत्सुनांचाच माणूस सांगतोय, म्हणजे ह्या पळपुट्यांनी म्हाताऱ्याला काहीतरी चारलं असणार.

तामेझो म्हणाला, "कोठारातली एक मोळी आणवा. तुम्हीच निवडा. मी हात लावत नाही."

हायातोने टाळलंच असतं, पण म्हाताऱ्या सरदाराने डोळे न उघडता हात हलवला. मोळी आली. चौकाच्या कडेला घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. तामेझोने पहिली तलवार उचलली आणि पात्याची पाठ डोणीच्या काठावर मारली. खणखणली, मोडली नाही. हायातोने हसून बघितलं. दुसरी वाकली. तिसरी मधोमध तुटून तुकडा हायातोच्या चटईपर्यंत उडत गेला. चौथी तुटली. पाचवी तुटली. सहावी सलामत. नंतर तामेझो मोजत नव्हता. कडेचे शिपाई मोजत होते, ओठ हलवून. दहातल्या सहा तुटल्या, दोन वाकल्या, दोन राहिल्या.

मग कडेच्या एका शिपायाने आपली तलवार अर्धी म्यानातून काढली, तिच्याकडे बघितलं आणि हळूच परत आत सारली.

"झालं?" हायातो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "म्हाताऱ्या, तुला काय वाटतं, हे आम्हाला माहीत नाही? हे शेतातून आणलेले एक लढाई टिकतात, फार तर दोन. तलवारीने त्यांच्यापेक्षा जास्त टिकून करायचं काय?"

सगळ्यांसमोर म्हणाला. ज्यांच्याविषयी बोलत होता ते दहा हातांवर उभे होते.

तामेझोने मान वर केली. "मग तसं सांगून द्या ना! हातात देताना सांगा, की ही एका लढाईपुरती आहे आणि तूही तेवढाच आहेस. आमच्या नावाआड कशाला दडता?"

भाल्याचा दांडा त्याच्या पाठीत बसला, मग आणखी बसले. पण त्या पाचांना मारणं आता अवघड होतं, पाहणारे फार होते. म्हाताऱ्या सरदाराने डोळे उघडून सांगितलं की तलवारी लढाईत मोडल्या असं लिहा. पाचही जण सुटले. ज्या तिघांची डोकी आधीच उडाली होती त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तामेझोने पुन्हा कुठल्याही हत्याराच्या भट्टीत पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम झाला.

आणि हारुत्सुनांचं काय झालं? त्यांना पुढच्या हंगामाला चारशे तलवारींचा हुकूम आला. पोलादाबद्दल त्यात काही नव्हतं, घड्यांबद्दल नव्हतं. एकच गोष्ट नवी होती. मोळीच्या तलवारींवर इथून पुढे नाव कोरायचं नाही. म्हणजे मोडका तुकडा काखेत घेऊन पुन्हा कोणी कोणाच्या दारात उभं राहायला नको. सगळ्या निवाड्यातून राज्यकर्ते शिकले ती एवढीच अक्कल.

तामेझो आणि फुजी तोरामात्सुच्या गावी गेले. मुखियाने ओढ्याकाठी एक छप्पर दिलं. तिथे तामेझो विळे, कुदळी आणि नांगराचे फाळ करू लागला. इथे विळा बोथट झाला की बाई थेट दारात येऊन भांडायची, आणि तामेझोला ते मनापासून आवडायचं. "बोला, आणखी बोला," म्हणायचा, आणि विळा परत तापवायचा. तोरामात्सु आठ बोटांनी भाता ओढायचा. दोघांची मैत्री झाली असं म्हणवत नाही. वर्षातून एकदा, त्या लढाईच्या तिथीला, तोरामात्सु त्याच्या भट्टीकडे फिरकायचा नाही, आणि तामेझोने कधी का म्हणून विचारलं नाही.

पंधराएक वर्षांनी लढाया थांबल्या. एका मोठ्या सत्तेने सगळ्या टेकड्या ताब्यात घेतल्या, आणि हुकूम निघाला की शेतकऱ्यांनी हत्यारं जमा करावीत. ज्यांना बळेच तलवारी बांधल्या होत्या त्यांच्याच घरांतून त्या शोधशोधून नेल्या. त्याच उन्हाळ्यात उकॉन डोंगर चढून आला. केस पिकलेले, सोबत कापडात गुंडाळलेली एक तलवार. त्याच्या वडिलांची.

आता शांतता होती, आणि नव्या मोठ्या लोकांना जुन्या धाटणीच्या तलवारी हव्या होत्या. उकॉनने पातं उघडलं. धारेच्या वर, सकाळी नदीवर असतं तसं धुकं पोलादात उतरलेलं होतं. तामेझोने ते तीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"बाबा पोलाद कसं निवडायचे?" उकॉनने विचारलं.

"मला विचारता? ते पाठमोरे बसायचे. मुलगा तुम्ही त्यांचे."

"मला शिकवायच्या आत..." उकॉनने वाक्य पुरं केलं नाही.

तरी दोघांनी महिनाभर प्रयत्न केला. खडे फोडले, कण बघितले, वेगवेगळे ढीग लावले. पंधरा घड्या. पोटात मऊ लोखंड. तामेझो सत्तरीच्या घरात असूनही घण उचलत होता. हुकूम मोडत होता, पण तो हुकूम देणारेच आता राहिले नव्हते. तीन पाती झाली. तिन्ही चांगली, डोणीवर मारली असती तरी मोडली नसती. पण धुकं एकावरही आलं नाही. पोलाद आपलं नुसतं लखलखीत, मख्ख.

उकॉन तिसऱ्या पात्यासमोर गुडघ्यांवर बसून रडला. तामेझोला रडू आलं नाही, संताप आला. आपण दोघांनी मिळून हजारो तलवारी केल्या असतील, तो म्हणाला, ह्या देशात इतक्या तलवारी कधी झाल्या नसतील, आणि त्यांतली एकही करता करता आपण काही शिकलो नाही, उलट होतं ते विसरलो. उकॉन म्हणाला, माझं चुकलं. तामेझो म्हणाला, तुमचं चुकलंच, माझंही चुकलं, पण आपल्या दोघांच्या चुकीत मावेल एवढं हे नाही. दुसऱ्या दिवशी उकॉन वडिलांची तलवार घेऊन उतरून गेला. परत भेट झाली नाही.

पुढे दोन वर्षांनी योशिईला असा पूर आला की लोहार-आळी मुळासकट वाहून गेली. भट्ट्या, ऐरणी, माणसं. उकॉनही त्यात गेला. डोंगरात मीठ विकायला येणाऱ्याने ही बातमी आणली आणि वर सुस्कारा टाकून म्हणाला, "काय नशीब बघा बाबा. पुराने सगळी विद्या बुडवली."

तामेझो तेव्हा कुदळीला पाणी देत होता. त्याने सांडस आपटली.

"पूर परवा आला," तो म्हणाला. "विद्या त्याच्या आधी तीस वर्षं बुडत होती. काठावर उभं राहून बुडवणारे लोक होते, त्यांची नावं मला माहीत आहेत. नदीला कशाला बोल लावतोस?"

मीठवाला गांगरला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. फुजीने त्याला खूण केली की लक्ष देऊ नका, आणि त्याच्यापुढे राळ्याच्या पेजेचा वाडगा ठेवला. तो खाली मान घालून पेज प्यायला, आणि तो गावाबाहेर पडेपर्यंत तामेझो त्याला ऐकवतच राहिला.